फॅन आर्टचं व्हेक्टर करून छापायचं कसं: बडोद्यातल्या नवख्या चित्रकारांसाठी

आवडत्या गेममधलं पात्र किंवा लाडका फलंदाज फोनवर बोटाने, टॅबवर पेनने काढणारी मुलं आता बडोद्यात घरोघरी आहेत. चित्र इन्स्टावर टाकेपर्यंत काही अडत नाही. कुणी "याचा टी-शर्ट काढ ना" म्हटलं की अडायला लागतं. दुकानात गेल्यावर ऑपरेटर विचारतो, "व्हेक्टर छे?" आणि पोरं एकमेकांच्या तोंडाकडे बघतात.

त्या प्रश्नाचं उत्तर हातात घेऊनच दुकानात जाता यावं म्हणून हे लिहिते आहे. महाराजा सयाजीराव विद्यापीठाची फाइन आर्ट्स फॅकल्टी १९५० पासून याच गावात आहे. तिथल्या मुलांना विचारायला सिनिअर असतात. कॉमर्स किंवा इंजिनिअरिंग करता करता घरी एकट्याने चित्रं काढणाऱ्यांना कुणी नसतं. मीही त्यातलीच. घरी शिकले, दुकानांच्या काउंटरवर शिकले, आणि जे कळलं ते क्रमाने मांडते आहे.

पिक्सेलचं चित्र ठरावीक संख्येच्या रंगीत चौकोनांचं असतं. ते मोठं केलं की चौकोन मोठे होतात आणि कडा फाटतात. व्हेक्टरमध्ये आकाराच्या कडेचं गणित साठवलेलं असतं, त्यामुळे नखाएवढं छापा नाहीतर भिंतीएवढं, कड तशीच धारदार राहते. फोन-टॅबवरच्या बहुतेक ॲपमध्ये, अगदी प्रोक्रिएटमध्येसुद्धा, चित्र पिक्सेलचं होतं. ते व्हेक्टरमध्ये नेणं हे बटण दाबून होणारं काम नव्हे. बटण असतं आणि त्याची मदतही होते, पण कुठली कड ठेवायची आणि कुठला रंग सोडायचा हे चित्र काढणाऱ्यानेच ठरवायचं असतं. चित्र दुसऱ्यांदा काढायची तयारी ठेवा.

काय काय लागेल

- चित्राची मूळ फाइल, लेयरसकट
- साधा कॉम्प्युटर किंवा लॅपटॉप आणि माउस. पेन टॅबलेट असला तर छान, नसला तरी अडत नाही
- इंकस्केप हे सॉफ्टवेअर. ते फुकट आहे आणि या कामाला पुरतं. इलस्ट्रेटर किंवा कोरलड्रॉ असेल तर तेही चालेल
- जिथे छापायचं त्या दुकानाकडून घेतलेली माहिती: शीटचा आकार, कुठली फाइल चालते, कोरलचं कुठलं व्हर्जन आहे
- विकायचं असेल तर परवानगीचा कागद. याबद्दल आधी बोलू

## १. हक्काचा प्रश्न सुरुवातीलाच सोडवा

पात्र तुम्ही तुमच्या हाताने काढलं असलं तरी ते पात्र दुसऱ्याचं आहे. कॉपीराइट कायदा १९५७ चा आहे. खाजगी, वैयक्तिक वापरासाठी केलेल्या रास्त वापराला त्याच्या कलम ५२ मध्ये सवलत आहे. स्वतःच्या खोलीत लावायचं पोस्टर किंवा स्वतःच्या अंगावरचा एक टी-शर्ट यांचा विचार त्या चौकटीत करता येतो. कॉलेजच्या फेस्टमध्ये स्टॉल लावून स्टिकर विकले की तो व्यापार झाला. "मी थोडेच विकले" किंवा "खाली क्रेडिट दिलं होतं" या सबबी तिथे टिकत नाहीत.

काही गेम कंपन्या चाहत्यांनी केलेल्या वस्तूंसाठी लेखी नियम जाहीर करतात: किती नग चालतील, लोगो वापरायचा की नाही, विक्री चालेल की नाही. आपल्या पात्राच्या मालकाचे असे नियम आहेत का ते शोधा आणि त्या पानाची प्रत तारखेसह जपून ठेवा. लोगोला हात लावू नका, त्याला ट्रेडमार्कचा वेगळा कायदा लागतो. नटनट्यांचे चेहरे हा तर आणखी नाजूक विषय आहे. दिल्ली उच्च न्यायालयाने २०२२ मध्ये अमिताभ बच्चन आणि २०२३ मध्ये अनिल कपूर यांचं नाव, आवाज, चेहरा परवानगीशिवाय व्यापारासाठी वापरायला मनाई करणारे आदेश दिले आहेत. घरी लावण्यासाठी काढलेलं चित्र वेगळं आणि विक्रीला ठेवलेले मग वेगळे.

विकण्याची हौस असेल तर ज्यांचा कॉपीराइट संपला आहे अशांकडे वळा. आपल्याकडे चित्रकाराच्या हयातीनंतर ६० वर्षं हक्क राहतो. राजा रविवर्मा १९०६ मध्ये गेले. त्यांच्या चित्रातल्या एखाद्या नायिकेला तुमच्या शैलीत काढलंत तर कुणाची परवानगी लागणार नाही, आणि बडोद्याच्या माणसाला ती आपली वाटेल ते वेगळंच.

## २. कशावर छापायचं ते आधी ठरवा

ही पायरी सगळ्यात जास्त जण गाळतात, आणि नंतरची निम्मी मेहनत त्यामुळे वाया जाते. प्रत्येक छपाईची मागणी वेगळी असते. काही ठिकाणी तर व्हेक्टरची गरजच नसते.

कागदावरचं पोस्टर, डिजिटल प्रिंट. चित्र पुरेसं मोठं असेल तर पिक्सेलचंच द्या. हिशोब सोपा आहे: पिक्सेलला ३०० ने भागा, तेवढे इंच स्वच्छ छापून येईल. ए-४ साठी २४८० बाय ३५०८ पिक्सेल लागतात, ए-३ साठी ३५०८ बाय ४९६१. तुमचा कॅनव्हास २००० पिक्सेल रुंद असेल तर साडेसहा इंचांच्या पुढे कडा मऊ पडायला लागतील.

प्लॉटरने कापलेला स्टिकर. चित्र पिक्सेलचं चालतं, पण कापण्याची रेघ व्हेक्टरच हवी. प्लॉटरचं पातं पाथवरून, म्हणजे व्हेक्टरच्या रेघेवरून चालतं, त्याला पिक्सेल कळत नाहीत.

स्क्रीन प्रिंटिंग. व्हेक्टरचं खरं घर हे. प्रत्येक रंगाची वेगळी फिल्म आणि वेगळी स्क्रीन, म्हणजे शाई दाबून काढायची जाळी असते, म्हणून आकार स्वच्छ आणि रंग मोजके हवेत.

डीटीएफ, म्हणजे आधी फिल्मवर छापून मग उष्णतेने कापडावर चिकटवायचं चित्र. हल्ली टी-शर्टसाठी बहुतेक दुकानं हेच सुचवतात. पिक्सेलची फाइल चालते, मात्र पार्श्वभूमी पारदर्शक हवी. यात रंगाखाली पांढऱ्या शाईचा थर येतो. त्यामुळे अर्धपारदर्शक भाग, म्हणजे पात्राभोवतीची चमक, धूर, विरत गेलेली सावली, कापडावर पांढरट आणि चट्ट्यांसारखे दिसतात. व्हेक्टरची ठाम कड इथे फार कामाला येते.

फ्लेक्स. लांबून बघायची वस्तू आहे. १०० डीपीआयवरसुद्धा, म्हणजे इंचाला १०० पिक्सेल असले तरी भागतं. तरी चेहरा मोठा असेल तर व्हेक्टर केलेला बरा.

आता माझं स्पष्ट मत. तैलरंगासारखे ब्रशचे फटकारे, हळूहळू बदलणारी त्वचेची छटा, पाण्यातलं प्रतिबिंब अशा चित्राचं व्हेक्टर करू नका. शेकडो तुकडे होतात, चेहऱ्यावर नकाशासारखे पट्टे उमटतात आणि मूळ चित्रातला जीव जातो. असं चित्र मोठ्या कॅनव्हासवर काढून टिफ किंवा पीएनजीमध्ये द्या. ठळक बाह्यरेषा आणि सपाट रंग असलेलं चित्र मात्र व्हेक्टरमध्ये आणखी खुलतं.

## ३. मूळ फाइल बाहेर काढा

व्हॉट्सॲपवर आलेली, इन्स्टावरून उतरवलेली किंवा स्क्रीनशॉट मारलेली प्रत घेऊ नका. त्या प्रती दाबून लहान केलेल्या असतात आणि जेपेगमुळे रेषेच्या आजूबाजूला राखेसारखा कचरा पसरलेला असतो. डोळ्याला तो दिसत नाही, पण ट्रेस करणाऱ्या, म्हणजे चित्रातल्या कडा शोधून त्यांचे व्हेक्टर आकार करणाऱ्या सॉफ्टवेअरला दिसतो आणि ते त्याचेही आकार करून ठेवतं.

ज्या ॲपमध्ये चित्र काढलं तिथेच परत जा. रेषांचा लेयर एकटा चालू ठेवून पीएनजी काढा. मग सपाट रंगांचा लेयर वेगळा काढा. प्रोक्रिएटमधून पीएसडी काढता येते, आयबिसपेंटमधून पारदर्शक पीएनजी मिळते. फोनवरून लॅपटॉपवर पाठवताना व्हॉट्सॲपच वापरणार असाल तर फोटो म्हणून पाठवू नका, डॉक्युमेंट म्हणून पाठवा.

रेषा आणि रंग एकाच लेयरवर काढले असतील तर ट्रेसच्या नादी लागू नका, चौथ्या पायरीत सांगितल्याप्रमाणे पान घेऊन चित्र आत आणा आणि सरळ पाचव्या पायरीवर जा. सगळं चित्र हाताने पुन्हा काढणंच लवकर होईल.

इथेच एक गैरसमज दूर करून घ्या. पीएनजी इंकस्केपमध्ये उघडून एसव्हीजी, म्हणजे व्हेक्टरची फाइल म्हणून सेव्ह केली की ती व्हेक्टर होत नाही. एसव्हीजीच्या पाकिटात तेच पिक्सेलचं चित्र जातं. पीडीएफचंही तसंच. फाइलच्या नावाची शेपटी बघून ऑपरेटर फसत नाही. तो झूम करतो आणि कड फाटलेली दिसली की फाइल परत करतो.

## ४. रेषांचा ट्रेस घ्या

इंकस्केपमध्ये नवीन फाइल उघडून डॉक्युमेंट प्रॉपर्टीजमध्ये माप मिलिमीटरमध्ये करा आणि छापायच्या खऱ्या आकाराचं पान घ्या. रेषांची पीएनजी आत आणा. विचारलं तर लिंक करू नका, एम्बेड करा.

चित्र निवडून पाथ मेनूमधलं ट्रेस बिटमॅप उघडा. सिंगल स्कॅनमध्ये ब्राइटनेस कटऑफ घ्या. आकडा वाढवला की रेषा जाड होतात, कमी केला की बारीक होऊन मध्येच तुटायला लागतात. प्रिव्ह्यूमध्ये पापण्या आणि बोटांच्या फटी बघा. त्या दोन्ही जिथे शाबूत आहेत तो आकडा बरोबर. खाली तीन गोष्टी असतात. स्पेकल्समुळे बारीक ठिपके गाळले जातात. स्मूद कॉर्नर्समुळे कोपरे गोल होतात, म्हणून तलवारीचं टोक किंवा केसांची टोकं असतील तर तो कमी ठेवा. ऑप्टिमाइझमुळे नोड, म्हणजे आकाराच्या कडेवरचे बिंदू कमी होतात.

ट्रेस लागू झाल्यावर नवीन आकार जुन्या चित्राच्या बरोबर वर बसलेला असतो, त्यामुळे काहीच झालं नाही असं वाटतं. वरचा आकार उचलून बाजूला घ्या, खालचं चित्र दिसेल. ते पुसू नका. पुढच्या पायरीला लागेल.

इलस्ट्रेटरमध्ये हेच काम इमेज ट्रेस करतं. तिथे इग्नोर व्हाइटवर टिक करायची आणि शेवटी एक्स्पँड दाबायचं. एक्स्पँड केल्याशिवाय आकार हातात येत नाहीत. कोरलमध्ये आउटलाइन ट्रेस आहे. आठ-बिट जमान्यातल्या गेमचं, चौकोनांचंच पात्र काढलं असेल तर इंकस्केपच्या याच खिडकीत पिक्सेल आर्टचा वेगळा टॅब आहे. तो वापरून बघा.

रंगीत ट्रेसचा टॅबही तिथेच आहे आणि तो मोह पाडतो. सपाट रंगांच्या लेयरवर तो चांगला चालतो. स्कॅनची संख्या तुमच्या रंगांच्या संख्येएवढी ठेवा आणि स्टॅक चालू ठेवा. स्टॅक बंद असेल तर रंगांचे तुकडे एकमेकांच्या शेजारी बसतात आणि मधून बारीक पांढऱ्या चिरा दिसतात. स्टॅक चालू असेल तर ते एकावर एक बसतात आणि चिरा झाकल्या जातात.

## ५. जिथे नजर जाते ते हाताने काढा

आता नोड टूल घ्या आणि ट्रेस झालेल्या डोळ्यावर क्लिक करा. एका पापणीवर नोडची गर्दी दिसेल. हात थरथरला तिथे नोड, ब्रशचा पोत होता तिथे नोड. पोस्टरवर हे कदाचित खपेल. स्क्रीनच्या फिल्मवर आणि प्लॉटरच्या पात्याखाली प्रत्येक नोड खरवडल्यासारखा दिसतो.

कंट्रोल आणि एल दाबलं की सिम्प्लिफाय होतं, नोड कमी होतात. कपडे, ढाल, जमीन यांच्यावर खुशाल वापरा. चेहऱ्यावर नको. दोनदा दाबलं की ओठांचा कोपरा सरकतो आणि पात्र ओळखू येईनासं होतं. फॅन आर्टमध्ये ओळख गेली की उरलं काय?

डोळे, बोटं, केस आणि बाह्यरेषा नव्याने काढा. मूळ चित्राच्या लेयरची अपारदर्शकता निम्मी करा, त्याला कुलूप लावा, वर नवा लेयर घ्या आणि पेन टूल उचला.

या वक्ररेषांना बेझिए कर्व्ह म्हणतात. रेनो कंपनीतले इंजिनिअर पिअर बेझिए यांनी मोटारीच्या पत्र्याचे बाक मांडण्यासाठी त्या वापरल्या आणि त्यांचंच नाव रूढ झालं. गाडीच्या बोनेटचा लांबलचक बाक थोड्याशा बिंदूंनी पकडायचा, हीच त्यातली युक्ती आहे. तुम्हालाही तेच करायचं आहे. पूर्ण वर्तुळाला चार नोड पुरतात, मग पापणीला चाळीस कशाला?

वरच्या पापणीचा आकार असा काढा. पहिला नोड नाकाकडच्या कोपऱ्यात, टोकदार. दुसरा वरच्या कडेच्या सगळ्यात उंच जागी, गुळगुळीत, त्याचे हँडल (नोडमधून निघणाऱ्या, बाक ठरवणाऱ्या दांड्या) आडवे. तिसरा बाहेरच्या कोपऱ्यात, टोकदार, जिथे पापणी वर उचलली जाते. तिथून खालच्या कडेने परत या. खालच्या कडेच्या सगळ्यात उंच जागी चौथा नोड आणि मग पहिल्यावर येऊन आकार बंद. चार नोडमध्ये पापणी झाली. ती मध्ये जाड आणि टोकांना बारीक हवी, म्हणून वरची आणि खालची कड समांतर ठेवू नका. इंकस्केपमध्ये शिफ्ट आणि सी ने नोड टोकदार होतो, शिफ्ट आणि एस ने गुळगुळीत. हँडलची लांबी त्या तुकड्याच्या साधारण एक तृतीयांश ठेवली की बाक नैसर्गिक येतो. त्याहून फार लांब ओढलं की रेष फुगते.

केसांच्या बटेला तीन नोड: मुळाशी दोन, टोकाला एक. प्रत्येक केस काढायला जाऊ नका. आधी सगळ्या केसांचा एक मोठा बंद आकार काढा, मग त्यावर पाच-सहा बटा. पोस्टरवर जे भरगच्च दिसतं ते छातीवरच्या आठ इंचांच्या प्रिंटमध्ये काळा गोळा होतं.

रंगाचे आकार रेषेच्या खालच्या लेयरवर काढा आणि रेषेच्या निम्म्या जाडीपर्यंत आत सरकू द्या. रंग रेषेच्या आतल्या कडेला नेमका टेकवून थांबवलात तर छापताना केसभर सरकलं तरी पांढरी फट दिसते. आत सरकवलेला रंग काळ्या रेषेखाली झाकून जातो.

## ६. रंग कमी करा आणि शाईचा विचार करा

स्क्रीन प्रिंटिंगला तीन किंवा चार रंगांत चित्र बसवा. काळा, एक गडद, एक उजळ, आणि टी-शर्टचा स्वतःचा रंग. होय, टी-शर्टचा रंगही तुमच्या पॅलेटमध्ये धरा. काळ्या टी-शर्टवर काळी बाह्यरेषा छापायची गरज नाही, तिथे रिकामी जागा सोडा, कापडच रेष होईल.

सावलीसाठी ग्रेडियंट, म्हणजे हळूहळू विरत जाणारा रंग टाळा. प्रत्येक रंगाची एकच गडद छटा ठेवा आणि ती धारदार कडेने काढा, ॲनिमेमध्ये असते तशी. नाकाखाली, हनुवटीखाली, केसांच्या आतल्या बाजूला. एवढ्याने चेहऱ्याला उठाव येतो.

एका चित्राचे रंग सुटे करून छापायची ही विद्या नवी नाही, आणि बडोद्याशी तिचं जुनं नातं आहे. बडोद्याचे दिवाण सर टी. माधवराव, तंजावरच्या मराठी घराण्यातले, यांनी रविवर्म्यांना त्यांच्या चित्रांच्या ओलिओग्राफ, म्हणजे तैलचित्रासारख्या दिसणाऱ्या रंगीत छापील प्रती काढायचा सल्ला दिला होता. पुढे १८९४ मध्ये रविवर्म्यांनी मुंबईत छापखाना घातला आणि त्यांच्या देवदेवता साध्या घरांच्या भिंतींवर पोचल्या. त्या प्रतींसाठी कारागीर प्रत्येक रंगाचा वेगळा दगड तयार करायचे आणि एकावर एक छापायचे. कुठली छटा कुठल्या दगडावर जाणार हे नजरेने ठरवायचे. लक्ष्मी विलास पॅलेसच्या आवारातल्या फतेहसिंह म्युझियममध्ये रविवर्म्यांची मूळ चित्रं आहेत. ती एकदा नीट बघा आणि मग एखाद्या जुन्या घरातली छापील प्रत बघा. साडीच्या घड्यांमधले किती रंग गाळले आणि कुठले ठेवले, हे बघून रंग कमी कसे करायचे ते जितकं कळेल तितकं व्हिडिओ बघून कळणार नाही.

पडद्यावरचे रंग प्रकाशाचे असतात आणि कागदावरचे शाईचे. पडदा आरजीबी (लाल, हिरवा, निळा), छपाई सीएमवायके (निळसर, किरमिजी, पिवळी आणि काळी अशा चार शाया). झगझगीत निळा, निऑन हिरवा, विजेसारखा जांभळा हे कागदावर मळतात. पात्राचे केस तसे असतील तर आधीच थोडा संयमी रंग निवडा, म्हणजे फरक मनाला लागणार नाही. इंकस्केप आरजीबीमध्ये काम करतं. सीएमवायके पीडीएफ हवी असेल तर स्क्रायबस या सॉफ्टवेअरमधून काढता येते, नाहीतर दुकानातला ऑपरेटर कोरलमध्ये बदलून देतो. त्याला एक गोष्ट आवर्जून सांगा: बारीक काळ्या रेषा फक्त काळ्या शाईत ठेवा, चारही शाया मिसळून नको. चार शायांची बारीक रेष किंचित जरी हलली तरी तिला रंगीत कडा दिसतात.

एकच रंग दोन-तीन किंचित वेगळ्या छटांत घुसलेला असतो, तेही तपासा. एडिट मेनूत सारख्या फिलचे, म्हणजे आत सारखाच रंग भरलेले सगळे आकार एकदम निवडता येतात. लाल निवडल्यावर एखादा लाल तुकडा निवडला गेला नाही, तर तो वेगळा लाल आहे. स्क्रीनच्या हिशोबाने तो पाचवा रंग झाला.

## ७. स्ट्रोक आणि अक्षरं कर्व्ह करा

"फॉन्ट कर्व करीने आपजो." म्हणजे अक्षरांचे व्हेक्टर आकार करून द्या. हे वाक्य तुम्ही बडोद्यातल्या दुकानांत वारंवार ऐकाल. तुमच्या लॅपटॉपवरचा फॉन्ट दुकानातल्या कॉम्प्युटरवर नसतो. इंग्रजी अक्षरं नुसती बदलतात, आपली देवनागरी मोडते. वेलांटी भलत्याच अक्षराला चिकटते, जोडाक्षरं सुटी होतात, "ऱ्या" तर हमखास बिघडतो. चित्राखाली मराठी ओळ टाकली असेल तर ती निवडून ऑब्जेक्ट टू पाथ करा. कोरलमध्ये कंट्रोल आणि क्यू. त्याआधी फाइलची एक प्रत अक्षरांसकट ठेवा, कारण कर्व्ह झालेली ओळ पुन्हा टाइप करून बदलता येत नाही. शुद्धलेखन आधी तपासा, गुजराती दुकानात मराठीची चूक पकडणारं कुणी नसेल.

रेषा स्ट्रोकमध्ये, म्हणजे पाथला नुसती जाडी देऊन काढलेल्या असतील तर त्यांचंही स्ट्रोक टू पाथ करा. नाहीतर ऑपरेटरने चित्र लहान-मोठं केलं की आकार बदलतो आणि रेषेची जाडी तेवढीच राहते. मोठ्या पोस्टरवर चेहरा फिका पडतो, छोट्या स्टिकरवर तोच चेहरा काळाठिक्कर होतो.

छापायच्या खऱ्या आकारात कुठलीही रेष १ पॉइंटपेक्षा, म्हणजे साधारण ०.३५ मिलिमीटरपेक्षा बारीक ठेवू नका. दोन काळ्या आकारांमधली रिकामी फट याहून थोडी जास्त ठेवा. शाई पसरते आणि फट भरते.

## ८. माप, ब्लीड, कापण्याची रेघ

रंग कागदाच्या कडेपर्यंत जाणार असेल तर चारही बाजूंनी ३ मिलिमीटर ब्लीड, म्हणजे कापायच्या कडेबाहेर जादा रंग द्या. सही आणि अक्षरं कडेपासून निदान ३ ते ५ मिलिमीटर आत ठेवा. डिजिटल प्रेसला साधारणपणे १२ बाय १८ किंवा १३ बाय १९ इंची शीट चालते. त्यात तुमचे किती स्टिकर बसतात ते आधी मांडून बघा.

स्टिकरची कापण्याची रेघ अशी करा. सगळ्या चित्राची एक प्रत घ्या, युनियन करून एकच आकार करा, आउटसेटने तो २ ते ३ मिलिमीटर बाहेर ढकला. फिल काढा, बारीक स्ट्रोक द्या, चित्रात कुठेच नसलेला रंग द्या आणि वेगळ्या लेयरवर ठेवा. लेयरचं नाव "कट". मग ही रेघ हाताने दुरुस्त करा. केसांच्या टोकांमधल्या खोल खाचा भरून टाका, तलवारीचं टोक बोथट करा. पातं खोल खाचेत वळताना व्हिनाइल उचलतं, आणि टोकदार स्टिकर पाण्याच्या बाटलीवर लावला की टोकापासूनच सुटायला लागतो.

## ९. दुकानात जाताना

तीन फाइल न्या: सगळं कर्व्ह केलेली पीडीएफ, एसव्हीजी, आणि चित्र कसं दिसायला हवं ते दाखवणारी पीएनजी. ब्लर किंवा इतर फिल्टर वापरले असतील तर पीडीएफ काढताना इंकस्केप त्यांचे पिक्सेल करतं. तिथला आकडा ३०० ठेवा. कोरलमध्ये काम केलं असेल तर दुकानातल्या जुन्या व्हर्जनमध्ये सेव्ह करा, नवी फाइल जुन्या कोरलमध्ये उघडत नाही.

गणपती आणि नवरात्रीच्या आधीचे दिवस टाळा. बॅनर आणि पावत्यांच्या ढिगात तुमच्या बारा स्टिकरकडे लक्ष द्यायला कुणाला फुरसत नसते. दुपारच्या निवांत वेळी गेलात, "भाई, जरा वायरफ्रेम दाखवशो?" असं विचारलंत, तर बहुतेक ऑपरेटर खुर्ची सरकवून जागा देतात. वायरफ्रेममध्ये रंग जातात आणि नुसत्या कडा दिसतात. तिथे बघा: मूळ फोटो चुकून खाली राहिला आहे का, एकाच आकाराच्या दोन प्रती एकावर एक आहेत का, कट लाइन कुठे उघडी आहे का. मग माप मिलिमीटरमध्ये वाचून घ्या. पानाला "फिट" करताना आकार बदललेला असू शकतो.

पूर्ण ऑर्डर देण्याआधी एकच प्रूफ, म्हणजे नमुन्याची प्रत काढा. टी-शर्ट असेल तर त्याच कापडावर, त्याच रंगावर. प्रूफ दुकानाच्या ट्यूबलाइटखाली पास करू नका, दाराबाहेर दिवसाच्या उजेडात बघा. नखाने हलकेच खरवडा. डीटीएफ असेल तर कापड ताणून बघा, चीर पडते का. पसंत पडलं की प्रूफच्या मागे पेनने तारीख, फाइलचं नाव आणि कागद किंवा कापड कुठलं ते लिहा आणि ते प्रूफ स्वतःकडे ठेवा. पुढच्या वेळी तेच चित्र छापताना रंग जुळवायला ऑपरेटरसमोर हाच तुकडा ठेवायचा आहे.